हँडल कोण मारणार? एका बंद लॅपटॉपचा इतिहास

आजोबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांचा लॅपटॉप कपाटात आजीच्या साड्यांखाली, एका जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता. यंदा मे महिन्यात मी खडकीच्या घरी गेले, तेव्हा आजीने तो काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"अगं, हे चालू करून बघ की. त्यात त्यांनी कारखान्याचं सगळं लिहून ठेवलंय. मला आता दिसत नाही, तू वाचून दाखव."

मी चार्जर लावला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पंखा घरघरला. आतून काही बीप ऐकू आले आणि पुढे काहीच नाही. स्क्रीन काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आजी म्हणाली, "ते असते तर आधी ऐकत बसले असते."

खरं होतं. खडकी हे यंत्रं ऐकणाऱ्या माणसांचं गाव आहे. १८६९ साली इथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, लष्कराची छावणी तर होतीच. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि खडकी हे नाव डिझेल इंजिनांशी जोडलं गेलं. आजोबा इथल्याच एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात होते. इंजिन हातात घेण्याआधी ते दोन मिनिटं नुसते कान लावून उभे राहायचे. "आधी ऐक, मग हात लाव," हे त्यांनी मला सायकलची चेन बसवतानाही सांगितलेलं आठवतं.

मला हार्डवेअरमधलं फारसं कळत नाही. पण तो लॅपटॉप चालू करायला जे आठ दिवस गेले, त्यात मला संगणकाचा जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास उलगडत गेला. आणि शेवटी लक्षात आलं, की आपली अडचण लॅपटॉपची नव्हतीच.

पहिला फेरा कोण देणार?

जुनं डिझेल इंजिन स्वतःहून चालू होत नाही. आतली हवा जोरात दाबली गेली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. पण हवा दाबायला इंजिन आधी फिरत असायला हवं, आणि फिरायला डिझेल पेटायला हवं. ही कोंडी माणसाने हँडल मारून फोडायची. आजोबा सांगायचे तसं, आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे झडप उघडी राहते आणि हँडल हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. मग एक ठोका, दुसरा ठोका, आणि इंजिन धरतं.

संगणकाची कोंडी अगदी हीच आहे. प्रोग्रॅम चालवायचा तर तो आधी मेमरीत हवा. पण मेमरीत आणून ठेवायचं काम करायलाही एक प्रोग्रॅमच लागतो. वीज गेली की मेमरी कोरी होते. मग पहिला प्रोग्रॅम कोण आणणार?

इंग्रजीत अशा अशक्य कामाला एक म्हण होती: आपल्याच बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं. त्या पट्टीचं नाव 'बूटस्ट्रॅप'. १९५० च्या दशकात संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला आणि पुढे त्याचा नुसता 'बूट' झाला. फोन 'रीबूट' कर, असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात ती बुटाची पट्टी असते.

१९५२ च्या आयबीएम ७०१ या संगणकावर 'लोड' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं, की पंच केलेल्या कार्डावरचा पहिला शब्द आत यायचा, आणि तो पुढच्यांना ओढून आणायचा. १९६५ मध्ये आलेल्या पीडीपी-८ च्या सुरुवातीच्या यंत्रांवर तर माणसाला पुढच्या बाजूचे खटके एकेक करून वर-खाली करावे लागत. डझनभराहून थोड्या अधिक सूचना हाताने भरल्या, की यंत्र कागदी पट्टीवरून उरलेलं वाचू लागे. हे सरळसरळ हँडल मारणं होतं.

पुढे ते हँडल एका चिपमध्ये गेलं. वीज नसतानाही जिच्यातलं लिखाण पुसत नाही, अशा रॉम चिपमध्ये सुरुवातीच्या सूचना कायमच्या कोरल्या गेल्या. गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी 'बायोस' हा शब्द वापरला आणि १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झालेल्या आयबीएम पीसीमुळे तो जगभर गेला. बटण दाबलं, की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे बायोस त्याची वाट पाहत असतो. तुमच्या हातातल्या फोनमध्येही कंपनीचा लोगो दिसण्याआधी अशीच एक छोटी चिरस्थायी सूचनावही वाचली जाते.

बीप म्हणजे काय?

खडकी बाजारात एक छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांनी लॅपटॉप उघडण्याआधी मला दोन गोष्टी विचारल्या. "पडला होता का? पाणी गेलं होतं का?" दोन्ही नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, मशीन महत्त्वाचं की आतलं?"

"आतलं."

"मग पहिलं बटण दाबायचं थांबवा. हार्ड डिस्क बाहेर काढू, तिची नक्कल करू, मग खेळत बसा."

हा सल्ला मी सगळ्यांना देईन. जुनं मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करण्यात आपण सर्वांत नाजूक भागालाच त्रास देत असतो. काकांनी डिस्क काढली, केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. डिस्क जिवंत होती. आजोबांच्या फोल्डरची नक्कल झाली. फाइली एकतीस. पण त्या कुठल्याशा जुन्या मराठी लेखनाच्या प्रोग्रॅमच्या होत्या आणि तो प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनवर चालायला बांधलेला होता. माझ्याकडे फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर यांची नुसती खिचडी. म्हणजे मशीन चालू करणं भागच होतं.

लॅपटॉपची मुख्य बॅटरी काकांनी आधीच बाजूला ठेवली होती, ती फुगली होती. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, असं त्यांनी बजावलं. चार्जर मीटरवर १९ व्होल्ट दाखवत होता, तो ठीक होता. मग आम्ही बीप ऐकले.

पीसी चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. तिला 'पोस्ट' म्हणतात. मेमरी आहे का, स्क्रीनचं सर्किट आहे का, कीबोर्ड आहे का. पण स्क्रीनच चालत नसेल, तर बिघाड सांगणार कसा? म्हणून आवाज. पहिल्या आयबीएम पीसीत एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे स्क्रीनच्या कार्डात गडबड. पुढे प्रत्येक बायोसची बिपांची भाषा थोडी वेगळी झाली, पण कल्पना तीच राहिली. आमचे बीप मेमरीची तक्रार करत होते.

काकांनी मागचं झाकण उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्या काढल्या आणि शाळेत वापरतात त्या खोडरबरने त्यांच्या सोनेरी कडा हलक्या हाताने पुसल्या. नऊ वर्षं दमट कपाटात राहून त्यांच्यावर थर बसला होता. एकच पट्टी बसवून बटण दाबलं. स्क्रीन उजळला. मी ओरडलेच. काका मात्र दुसरी पट्टी हातात धरून उभे होते. "एका वेळी एकच बदल करायचा. नाहीतर कशाने झालं ते कळत नाही." हे वाक्य मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

वीस मिलिमीटरची नाणी

स्क्रीनवर आलं ते असं, की तारीख-वेळ चुकली आहे, जतन केलेल्या सेटिंग्ज गेल्या आहेत. लॅपटॉपला वाटत होतं की आज १ जानेवारी आहे, आणि सालही त्याच्या जन्माच्या आसपासचं.

पहिला आयबीएम पीसी बंद केला की वेळ विसरायचा. दर वेळी चालू केल्यावर तो तारीख विचारायचा आणि माणसं ती टंकायची. १९८४ च्या पीसी एटी या मॉडेलमध्ये मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली. तिची मेमरी होती फक्त ६४ बाइटची: १४ घड्याळासाठी, ५० सेटिंगसाठी. मशीन बंद असताना तिला जागं ठेवायचं काम एका छोट्या बॅटरीचं. पुढे तिथे नाण्यासारखा सेल आला. त्याच्या नावातच मापं आहेत: सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. आमचा सेल मीटरवर एक व्होल्टही दाखवत नव्हता. चहाच्या दोन-तीन कपांच्या किमतीत नवा मिळाला.

तारीख घातली, एन्टर दाबलं, विंडोज एक्सपीचं चिन्ह दिसलं आणि लगेच निळा स्क्रीन. पांढऱ्या अक्षरांत एक लांबलचक क्रमांक, शेवटी ७बी. मला वाटलं, डिस्क गेली.

काका हसले. "डिस्क नाही गेली. मशीन विसरलंय, डिस्कशी कसं बोलायचं ते."

झालं होतं असं. सेल मेल्यामुळे बायोसच्या सेटिंग्ज कारखान्यातून निघतानाच्या झाल्या. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआय ही नवी होती. एक्सपी २००१ मध्ये आलेलं. एएचसीआय ठरलं २००४ मध्ये. कुणीतरी हे एक्सपी बसवताना ती सेटिंग जुन्या आयडीई पद्धतीवर नेली होती आणि ती आठवण त्या ५० बाइटसारख्याच एका कोपऱ्यात होती. सेल मेला, आठवण गेली. बायोसमध्ये जाऊन ती एक ओळ बदलली आणि आजोबांचं एक्सपी उघडलं. मागे हिरव्या टेकडीचं चित्र, कोपऱ्यात 'कारखाना' नावाचं फोल्डर.

दुकानदाराला सगळं कसं माहीत?

त्या रात्री मला प्रश्न पडला: हा लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिचं कुठलंही मॅन्युअल न बघता खडकीच्या बाजारातला एक माणूस तो कसा दुरुस्त करू शकला?

कारण जगाने एक गोष्ट ठरवून टाकली होती, ती म्हणजे सुरुवात कुठून करायची. आयबीएमने आपला बायोस कॉपीराइटमध्ये ठेवला होता, पण त्याचं वागणं सगळ्यांना दिसत होतं. १९८२ मध्ये कॉम्पॅकने तो शब्दशः न उतरवता, त्याच्या वागण्याचा अभ्यास करून स्वतःचा बायोस लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने तसाच बायोस कुणालाही विकायला काढला. मग तैवानपासून टेक्सासपर्यंत कुणीही पीसी बनवावा, तो सारखाच चालू होणार. हार्ड डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइटचा, त्यात सुरुवातीच्या सूचनांना ४४६ बाइट. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरी लिहिली, तर एवढ्या जागेत १४८ चिन्हं मावतील. तेवढ्या जागेवर सगळ्यांचं एकमत झालं, म्हणून काका मॅन्युअल न उघडता काम करू शकतात.

असं ठरलेलं सहजी जात नाही. आजचे इंटेलचे प्रोसेसरही चालू होताना पहिल्या क्षणी ४० वर्षांपूर्वीच्या १६-बिट चालीतच उठतात. खडकीचं इंग्रजी 'किरकी' हे नाव गावातून केव्हाच गेलं, पण महायुद्धातल्या सैनिकांच्या इथल्या स्मशानभूमीच्या नावात ते अजून आहे, तसंच हे.

मशीनच्या सुरुवातीचं जगाने ठरवलं. आपल्या अक्षरांचं मात्र वेळेवर ठरलं नाही.

'क' चा नंबर काय?

संगणकाला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. १९६३ च्या आस्की या कोष्टकात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजीसाठी भरल्या होत्या. मराठी छापायची तर काय करणार? मराठीवाल्यांनी एक युक्ती केली. नंबर इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण फॉन्टमध्ये त्या जागी चित्र मराठीचं काढायचं. फाइलीत असतो इंग्रजी अक्षराचा नंबर, डोळ्यांना दिसतो 'क' चा तुकडा. फॉन्ट असेल तर मराठी, फॉन्ट नसेल तर खिचडी.

या युक्तीने आपलं फार मोठं काम केलं, हे विसरू नये. वृत्तपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं अशा फॉन्टांवर छापली गेली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी कितीतरी छापखान्यांत होती. पण वेगवेगळ्या फॉन्ट-घराण्यांनी तुकड्यांच्या जागा आपापल्या ठरवल्या. एकाचा 'क' दुसऱ्याचा स्वल्पविराम.

एकमताचा रस्ता मात्र खडकीपासून फार दूर नव्हता. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात जिस्ट नावाचं भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान तयार झालं. ते पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं, आणि सी-डॅकचं ठिकाण होतं इथून जवळच, गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात. त्या कामातून 'इस्की' हे कोष्टक रुजलं. त्याचा विचार साधा होता: नंबर अक्षराला द्या, त्याच्या चित्राच्या तुकड्यांना नाही. जोडाक्षर कसं दिसेल ते यंत्राने बघावं. १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, तो त्या मांडणीमुळे.

मग आजोबा २००६ नंतरही जुन्या फॉन्टमध्ये का लिहीत होते? कारण मानक ठरणं आणि ते घरातल्या मशीनवर पोचणं यात वर्षं जातात. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड होतं, पण एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत ते आपणहून चालू नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. जुना लॅपटॉप विकत घेतलेल्या माणसाकडे सीडी कुठून असणार? ज्याने मशीन दिलं, त्याने मराठीचा प्रोग्रॅमही टाकून दिला. आजोबा दोन बोटांनी शिकले आणि लिहू लागले.

हॅरिस पूल

पुढचे चार दिवस मी त्या एकतीस फाइली जुन्या प्रोग्रॅममधून साध्या मजकुरात काढल्या आणि युनिकोडमध्ये फिरवल्या. फिरवताना नुसता नंबर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'किल्ली' लिहिताना पहिली वेलांटी आधी यायची आणि 'क' नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर, कारण आपण तसं उच्चारतो. 'पूर्व' मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये शेवटी डोक्यावर चढायचा. युनिकोडमध्ये 'र्' पहिला येतो. त्यामुळे फिरवलेल्या मजकुरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, रफार हरवले, अर्धचंद्र तर जवळजवळ सगळेच गळाले.

रात्री मी वाचायला बसले. आजी डोळे मिटून ऐकत होती. पहिली फाइल नोकरीच्या पहिल्या दिवसाची होती. त्यात एक वाक्य अडलं. सकाळी सायकलने 'हरस पूल' ओलांडून यायचो, असं काहीतरी होतं. मी दोनदा वाचलं. हरस म्हणजे काय, मला कळेना.

"हॅरिस पूल गं," आजी डोळे न उघडता म्हणाली. "लग्न झालं तेव्हा आम्ही दापोडीत राहायचो. पूल ओलांडला की बोपोडी, मग खडकी. पावसाळ्यात डबा भिजायचा."

मी अर्धचंद्र आणि वेलांटी घातली. मग तसेच आम्ही पुढे गेलो. 'फउंड्री' ची फाउंड्री झाली. एका माणसाचं नाव कुठल्याच कोष्टकातून नीट येत नव्हतं, ते आजीला पाठ होतं. तो यांच्या शेजारच्या यंत्रावर होता आणि दर दिवाळीला घरी यायचा. दोन ठिकाणी आजीलाही आठवलं नाही. तिथे मी चौकोनी कंस करून जागा मोकळी सोडली.

तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी उलट्या बाजूने काळजी करत होते. मशीन चालू होण्याचा भाग सोपा होता, कारण तो ४० वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवला होता. त्यासाठी खडकीत एक खोडरबर, एक सेल आणि सेटिंगची एक ओळ पुरली. अवघड होतं ते आपलं लिहिलेलं, जे प्रत्येकाने आपापल्या फॉन्टमध्ये बंद करून ठेवलं. त्याची शेवटची किल्ली कुठल्याही चिपमध्ये नव्हती. ती आजीच्या आठवणीत होती, आणि आजी ८१ वर्षांची आहे.

तुमच्याही घरात असं एखादं मशीन असेल. आई-बाबांनी टाइप केलेल्या कविता, मंडळाचा अहवाल, सोसायटीचा इतिहास, कुणाचा तरी शोधनिबंध. ते चालू होत असेल तर आजच नक्कल काढा. चालू होत नसेल तर बटण दाबत बसू नका, आधी डिस्क बाहेर काढा. आणि मजकूर युनिकोडमध्ये आणताना ज्यांना ते शब्द माहीत आहेत त्यांना शेजारी बसवा, ते आहेत तोवर.

आमच्या एकतीसपैकी एकोणीस फाइली वाचून झाल्या आहेत. दर रविवारी एक. विसावी उघडून ठेवली आहे, तिच्यात पहिल्याच ओळीत एक रफार हरवलाय. आजीला विचारायचं आहे.